पुंजाजीभाऊंची ताटी

“तार अजून आवळू काय रे?” पुंजाजींनी विचारलं.

कमरेवर हात ठेवून सहदेव आपल्या गाडीसमोर उभा होता, आणि सत्तरीचे पुंजाजी उकिडवे बसून गाडीच्या तोंडाच्या जाळीवर कूलरची ताटी बांधत होते. वाळ्याची, नवीकोरी, जाळीच्या मापानं बरोबर बेतलेली. आदल्या दिवशी पारावर सहदेव मला सांगत होता की यंदाच्या उन्हात गाडी फार तापते. ते पुंजाजींनी ऐकलं आणि संध्याकाळी बसून ताटी भरून टाकली. आमच्या गावातल्या निम्म्या कूलरच्या ताट्या त्यांच्याच हातच्या. ज्यानं माणसाची खोली थंड होते त्यानं गाडी का होणार नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता.

“भाऊ, गाडीले हवा लागते समोरून,” सहदेव शेवटी म्हणाला.

“तं हवाच येईन ना बावा. थंडी होऊन येईन.” पुंजाजींनी बादलीतलं पाणी तांब्यानं ताटीवर ओतलं. “तुही काकू बसून राह्यली गाडीत. मले येता येत नाही, गुडघे ऐकत नाही. इतकं तं करू दे.”

सहदेवनं माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्या सीटवर बसलो होतो. तीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस आहे मी, गाव मला सर म्हणतं. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा जाळीतून आत घुसतो आणि इंजिनभोवती फिरणारं पाणी निववतो, हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवलं आहे. तोंडावर ओला रुमाल बांधून पळायला लावलं तर माणसाचं काय होईल, हेही मला कळतं. पण पुंजाजींच्या कपाळावरून घाम गळत होता आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं की माझी जीभ उचलली नाही. मी मान फिरवली. सहदेवही मग स्टिअरिंगमागे येऊन बसला.

अकरा चाळीसला आम्ही निघालो. मे महिन्याचा तिसरा मंगळवार, पारा सेहेचाळीसच्या वर. असल्या दुपारी आमच्याकडे कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. पण खामगावच्या दवाखान्यात आमची पाळी दुपारी दीडची, सकाळची एकही जागा रिकामी नाही. मंगळवार आणि शुक्रवार, आठवड्यातून दोनदा चार-चार तास त्या मशीनला स्वतःला जोडून घ्यायचं आणि रक्त धुऊन घ्यायचं. आमचं गाव जळगाव जामोदच्या खाली, खारपाणपट्ट्यात. इथल्या विहिरीचं पाणी जन्मभर पिऊन बऱ्याच जणांच्या किडन्यांनी हात टेकले, त्यात मी आणि सिंधूताई.

सिंधूताई म्हणजे पुंजाजींची बायको. मागच्या सीटवर ती सुनेच्या, काजलच्या, खांद्याला टेकून बसली होती. मागचा शुक्रवार तिनं बुडवला होता. भाचीची हळद होती, आणि “एक दिवस नाही गेली तं काय मरून राह्यली काय मी” असं म्हणून ती देऊळगाव राजाला गेली. तिथं लिंबाचं सरबत प्यायली, आमरस खाल्ला, नाचलीसुद्धा म्हणे. मी तिला त्यावरून दोन दिवस बोललो होतो. आता बोलायची हिंमत नव्हती. आठवडाभराचं पाणी अंगात साचलं होतं. पाय खांबासारखे सुजलेले, आणि बोलताना दर दोन शब्दांनी ती थांबत होती.

“सहदेव,” ती म्हणाली, “हळू नको… चालवू.”

“नाही चालवत, काकू.”

सहदेव सत्तावन्न वर्षांचा. आधी काळीपिवळी चालवायचा, आता ही जुनी सात सीटांची गाडी. आम्हा पेशंटांना नेतो-आणतो. त्याच्या काही पद्धती आहेत. गाडीत चार कॅन फिल्टरच्या पाण्याचे असतात, ते इंजिनासाठी. विहिरीचं किंवा हापशीचं खारं पाणी तो गाडीत कधीच घालत नाही. “खाऱ्या पाण्यानं रेडिएटर बसते, सर,” असं त्यानं मला पहिल्याच फेरीत सांगितलं होतं. मी म्हणालो होतो, आणि आमचं काय रे? तो म्हणाला, “तुमचं बसलंच ना. मंग तं नेऊन राह्यलो.” असा माणूस. पाच वर्षांत त्याची गाडी रस्त्यात एकदाही बंद पडली नव्हती, आणि ही गोष्ट तो कुणाला सांगत नसे, पण आम्ही सांगत असू.

पहिले दहा किलोमीटर चमत्कारच झाला. तापमानाचा काटा नेहमीपेक्षा खालीच राहिला. सहदेवनं दोनदा काट्यावर टिचकी मारून पाहिली.

“सर, भाऊची ताटी काम करून राह्यली.”

“ओली आहे तोवर करेल,” मी म्हणालो.

तेवढ्यावर मी थांबलो. पुढचं वाक्य मला माहीत होतं, पण ते मी गिळलं. आज मी त्या वाक्यावर रोज येऊन अडतो.

पुढं रस्त्याचं काम चालू होतं. एक बाजू खणलेली, दुसरीवर मातीचा भराव, आणि समोर मुरमाचे दोन डंपर. त्यांच्यामागं दहा मिनिटं आम्ही धूळ खात चाललो. काचा बंद केल्या, एसी लावला, तरी दातांखाली माती करकरत होती. धुळीनं आमचं काय व्हायचं ते झालं, पण ताटी ओली होती. सगळी धूळ तिच्यावर बसली आणि लिंपणासारखी चिकटली. वर लूचा गरम वारा सुटलेला. लिंपण वाळायला किती वेळ लागतो?

डंपर मागे पडले तेव्हा सहदेवनं वेग घेतला आणि लगेच कपाळाला आठी घातली.

“पाय दाबून राह्यलो, पण उचलत नाही.”

“हवा तापली की विरळ होते,” मी म्हणालो. मास्तरकी जाता जात नाही. “इंजिनही श्वास घेतं. तेवढ्याच श्वासात प्राणवायू कमी येतो, मग जोर कमी पडतो.”

“हाव. थंडीत हीच गाडी पूर्णेचा पूल चौथ्या गिअरात चढते. आता तिसरा टाका लागते.” मग तो जरा थांबून म्हणाला, “म्हंजे मानसासारखंच.”

आम्ही दोघांनी एकाच वेळी आरशात पाहिलं. सिंधूताईनं तोंड उघडं टाकलं होतं. प्रत्येक श्वासाला तिचे खांदे वर जात होते आणि छातीत घरघर ऐकू येत होती. काजल तिला पदरानं वारा घालत होती.

काटा मधल्या रेषेच्या वर गेला. सहदेवनं एसी बंद केला आणि काचा खाली केल्या. बाहेरची हवा भट्टीच्या तोंडातून आल्यासारखी आत आली.

“काका, एसी काऊन बंद केला?” काजल म्हणाली. “आईले सहन नाही होऊन राह्यलं.”

“एसीनं गाडीवर जोर येते, पोरी. पूल होऊ दे.”

काटा अजून वर. मी त्याच्याकडे पाहत होतो, सहदेवही पाहत होता, आणि दोघंही एकमेकांकडे पाहत नव्हतो. तिथंच थांबून ताटी ओरबाडून काढली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. पण मागे ती घरघर चालू होती, आणि अशा वेळी थांबायचं म्हटलं की मन धजत नाही. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. पूल ओलांडू, पुढच्या बाभळीखाली सावलीत थांबू, मग पाहू. मीही मनात तेच म्हटलं.

पुलावर गाडी चढली ती रडतकढत. उतारावर लागली आणि पुढून वाफेचा फवारा उठून काचेवर आला. सहदेवनं इंजिन बंद केलं, आणि गाडी नुसती घरंगळत त्या बाभळीपर्यंत गेली. बारा पस्तीस झाले होते.

तो उतरला, पुढं गेला आणि ताटी पाहून तसाच उभा राहिला. मीही उतरलो. वाळ्याची ताटी राहिली नव्हती, मातीची भिंत झाली होती. बोट घालायला जागा नव्हती. त्यानं पक्कड आणून तारा तोडल्या. पुंजाजींनी चांगल्या आवळल्या होत्या. तोडताना त्याचे हात भाजत होते, तरी तो फडकं घ्यायला थांबला नाही.

“ताटी काढली काऊन, काका?” काजलनं खिडकीतून विचारलं.

“वाळली, पोरी,” सहदेव म्हणाला. आणि ते खरंच होतं.

बॉनेट उघडलं, पण रेडिएटरचं झाकण उघडता येईना. उकळतं पाणी अंगावर उसळतं. थांबणं भाग होतं. मी रुग्णवाहिकेला फोन लावला, ती एका पेशंटला घेऊन अकोल्याला गेलेली होती, यायला तास लागला असता. सहदेव रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. वीस मिनिटांत तीन मोटारसायकली आणि कांद्याच्या गोण्यांवर गोण्या रचलेला एक छोटा टेम्पो गेला. टेम्पोवाला थांबला, पाहिलं, आणि म्हणाला, “हिले कुठं झोपवू, भाऊ?” त्याचंही बरोबर होतं. बसलेली असताना जिला श्वास पुरत नाही तिला गोण्यांवर टाकून कसं न्यायचं?

शेवटी सहदेवनं फडकं गुंडाळून झाकण सैल केलं, वाफ जाऊ दिली, इंजिन सुरू केलं आणि कॅनमधलं पाणी थोडं थोडं आत ओतायला लागला. एक कॅन संपला. दुसरा उघडला. फिल्टरचं स्वच्छ पाणी गळगळ आवाज करत आत जात होतं आणि मी ते पाहत होतो. मला दिवसाला तीन पेले पाणी चालतं. घरून निघताना मी त्यातला अर्धा प्यायलो होतो. खरं सांगतो, त्या क्षणी मला सिंधूताईची आठवण नव्हती, मला फक्त ते पाणी दिसत होतं.

“काजल,” मागून आवाज आला. “घोटभर दे.”

“नाही आई. डॉक्टरनं सांगतलं ना. आता जाऊन राह्यलो आपण.”

“त्या गाडीले… इतकं देऊन राह्यले. मले… घोटभर नाही काय?”

काजलनं माझ्याकडे पाहिलं. सर सांगतील तसं. मी मान हलवून नाही म्हटलं, कारण नियम तोच आहे. अंगात आधीच सहा किलो पाणी साचलेलं, त्यात अजून कशाला. काजलनं पदराचं टोक कॅनच्या पाण्यात बुडवून तिचे ओठ पुसले. सिंधूताईनं ते टोक दातांत धरलं आणि चोखलं. त्या एका घोटानं काहीही बिघडलं नसतं. तो द्यायला हवा होता.

एक दहाला आम्ही पुन्हा निघालो. “आता तुमाले तरास होईन,” असं म्हणून सहदेवनं हीटर पूर्ण चालू केला. सेहेचाळीस अंशांत हीटर. इंजिनातली उष्णता आतल्या पंख्यानं ओढून बाहेर काढायची, त्याचा हा शेवटचा उपाय होता. पायांवर गरम झोत येत होता, काजल रडत सासूच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवत होती, आणि सहदेव चाळिसाच्या वर जायला तयार नव्हता. जोरात नेली तर ती पुन्हा बसली असती, हळू नेली तर वेळ जात होता. नांदुरा आलं, गेलं. काटा रेषेवर थरथरत राहिला, पण चढला नाही. ज्या हातांनी त्यानं ती गाडी खामगावपर्यंत नेली त्यांना मी नाव ठेवणार नाही.

दोनला पाच मिनिटं असताना आम्ही दवाखान्यात शिरलो. सहदेवनं आणि एका वॉर्डबॉयनं सिंधूताईला उचलून आत नेलं. तिचे ओठ निळे पडले होते. आधी ऑक्सिजन, मग मशीनची तयारी, मग धावपळ, मग पडदा ओढला. वीस-पंचवीस मिनिटांनी तरुण डॉक्टर बाहेर आला, घाम पुसला आणि काजलला म्हणाला, “अर्धा तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.”

डॉक्टर लोक असं वाक्य बोलून जातात आणि पुढच्या पेशंटकडे वळतात. ते वाक्य मागे राहतं.

मला मात्र मशीनला जोडलंच. माझी पाळी होती. चार तास मी छताकडे पाहत पडून होतो. मध्ये एकदा सहदेव आला, स्टुलावर बसला.

“सकाळीच काढून टाकाले पायजे व्हती मी,” तो हळूच म्हणाला. “मले म्हातारा दिसला, सर. गाडी नाही दिसली.”

“मलाही माहीत होतं, सहदेव.”

“असू द्या. पण कोनाले सांगू नका. त्याले समजलं तं तो जगणार नाही.”

मी हो म्हटलं. तेव्हा ते सोपं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधूताईला स्मशानात पोचवलं. पुण्याहून तिचा मुलगा राजकुमार रात्रीच आला होता. गावात एव्हाना बोलणं सुरू झालं होतं. खटारा गाडी. वेळेवर पाणीसुद्धा पाहिलं नाही. दोन घरांनी आपले पेशंट दुसऱ्या गाडीनं पाठवायचं ठरवलं, हे मला गिरणीवर कळलं.

गुरुवारी, तिसऱ्या दिवशी, सहदेव बसायला आला. ओसरीवर सतरंजी अंथरली होती, वीस-बावीस माणसं होती. तो चप्पल काढून एका कडेला, माझ्याजवळ बसला. कुणी त्याला सरकून जागा दिली नाही. पुंजाजी भिंतीला टेकून बसले होते. तीन दिवसांत त्यांचा सदरा अंगावर ढिला झाला होता.

राजकुमारनं बराच वेळ मन आवरलं. मग म्हणाला, “सहदेवकाका, एक विचारू? माणूस मरायला टेकलं आहे हे माहीत असताना निघायच्या आधी गाडी तपासायची नाही का?” पुण्याला राहून त्याची भाषा बदलली आहे, राग मात्र इथलाच आहे.

सहदेव खाली पाहत राहिला.

“डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं काजलला. अर्धा तास. तुमच्या गाडीनं माझी आई घालवली.”

माझ्या तोंडाशी सगळं आलं. पाच वर्षं ज्यानं आम्हाला एकदाही उशीर केला नाही त्याला भर ओसरीवर गुन्हेगारासारखं बसवलेलं मला पाहवेना. मी घसा खाकरला. सहदेवचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि घट्ट दाबून बसला.

“माह्याकडूनच हयगय झाली, राजू,” तो म्हणाला. “गाडी माही. पाहाले पायजे व्हती.”

“असं कसं म्हनतं बे,” भिंतीजवळून आवाज आला. पुंजाजी तीन दिवसांत पहिल्यांदा काही बोलत होते. “राजू, त्याले बोलू नको. त्याचा काही गुन्हा नाही. ऊनच तसं व्हतं. मी माह्या हातानं ताटी बांधून देल्ली व्हती. ताटी व्हती म्हनून पुलापल्याड तरी गेली गाडी. नाही तं इथंच बसली असती, अन् तुही माय रस्त्यात गेली असती. निदान दवाखान्यात तं पोचली.” बोलता बोलता त्यांना दम लागला. “मी तिच्यासाठी तेवढंच करू शकलो.”

राजकुमारला बापाचं बोलणं पटलेलं दिसत नव्हतं. पुंजाजींना ते समजलं असावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“सर, तुमी तं सायन्सचे. गाडीतही व्हते. सांगा ना याले. ताटीनं फरक पडला का नाही?”

ओसरीवरची सगळी डोकी माझ्याकडे वळली. राजकुमार माझाच विद्यार्थी, दहावीत विज्ञानाला त्याला पंच्याऐंशी गुण होते. नाही म्हटलं तर सहदेव सुटत होता आणि पुंजाजी कायमचे अडकत होते. हो म्हटलं तर ताटी सुटत होती, आणि मग दोष द्यायला सहदेवशिवाय कुणी उरत नव्हतं. माझ्या गुडघ्यावरचा हात अजून तिथंच होता.

“पडला,” मी म्हणालो. “ओल्या ताटीतून हवा थंड होऊन आत जाते. पहिले दहा किलोमीटर काटा खालीच होता. मी स्वतः पाहिला.”

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी इतकं खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

“पाह्य, राजू,” पुंजाजी मुलाला म्हणाले, आणि डोकं भिंतीला टेकवून त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावरचा ताण जरासा उतरल्यासारखा वाटला.

“म्हणजे बाबांनी जेवढं करायचं तेवढं केलं होतं,” राजकुमार सावकाश म्हणाला, आणि पुन्हा सहदेवकडे पाहिलं. “पाणी पाहणं मात्र तुमचं काम होतं.”

“हाव,” सहदेव म्हणाला.

त्यानं माझ्या गुडघ्यावरचा हात काढला. उठला, पुंजाजींच्या पायांना हात लावला आणि माणसांमधून वाट काढत चपलांपाशी गेला. कुणी त्याला चहाचं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. बरोबर अकरा चाळीसला त्यानं माझ्या दारात गाडी उभी केली, आणि सात सीटांच्या गाडीत मी एकटा जाऊन बसलो.